पाऊण उणे अर्धा

आमच्या शाळेतले गणिताचे सर बोलायच्या आधी तोंडातली लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेत. मी शाळेत नवी लागले तेव्हा मला वाटलं, दाढ दुखत असेल. बऱ्याच दिवसांनी धीर करून विचारलं, तर म्हणाले, "दाढा शाबूत आहेत, बाई. जिभेसाठी ठेवतो." मला काही कळलं नाही. पण पुण्यात कुणी असं अर्धवट बोललं की पुढचं विचारायचं नसतं. 

शाळा खडकीची. मुलं बहुतेक दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या कामगारांची, क्वार्टर्समध्ये राहणारी. सर येरवड्याहून सायकलवर येत. अंगात लांब बाह्यांचा पांढरा शर्ट, त्याच्या उजव्या बाहीला कायम खडूची पूड. उंच, खांद्यात वाकलेले, आणि आवाज इतका हळू की शेवटच्या बाकावरची मुलं पुढं येऊन जमिनीवर बसत. नाकाचा शेंबूड पुसत उभ्या असलेल्या पोरालाही ते म्हणत, "आपण जरा फळ्याजवळ येता का?" नवी मुलं आधी मागं वळून बघत, आपल्यामागं कोण मोठं माणूस उभं आहे ते.

आणि ते कुणालाही 'चूक' म्हणत नसत. त्यांच्या आणि माझ्या वर्गाच्या मध्ये नुसती लाकडी पडदी होती, त्यामुळं माझ्या कवितेच्या तासाला त्यांचं गणित ऐकू येई. एखाद्यानं भलतंच उत्तर सांगितलं, वर्गात खसखस पिकायला लागली, की आधी सगळं शांत होई. लवंग ह्या गालातून त्या गालात जात असणार. मग सरांचा आवाज येई, "उत्तर छान आहे. आता हे कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे ते शोधू या." आणि खरंच शोधत बसत.

त्यांचं एकच वेड होतं. भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची वजाबाकी. बेरीज, गुणाकार, भागाकार ते इतर मास्तरांसारखेच उरकत. पण ही वजाबाकी आली की घड्याळ थांबे. महिना जाई, दुसरा महिना लागे, तरी फळ्यावर तेच. "पाऊण म्हणजे तीन पाव. अर्धा म्हणजे दोन पाव. दोघांचे पाव केले. आता काढा तीनातून दोन. एक पाव उरला. आधी छेद सारखे, मग वजाबाकी. घाई नाही." हे त्यांचं 'घाई नाही' माझ्या वर्गातली मुलंसुद्धा नकळत म्हणायला लागली होती.

एकदा तपासणीला साहेब आले. सहावीचा वर्ग अजून तिथंच अडकलेला पाहून त्यांनी कारण विचारलं.

"अजून दोघांना येत नाही," सर म्हणाले.

"बाकीच्यांना येतं ना?"

"येतं."

"मग पुढं जा की."

"जातो. ते दोघे आले की लगेच निघतो."

साहेबांनी शेरा काय मारायचा तो मारला. मोठ्या बाईंनी सरांना बोलावून घेतलं, आवाज चढवला. सर खाली मान घालून ऐकत राहिले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फळ्यावर पाऊण उणे अर्धा लिहिलं.

त्यांच्या घरी मी एकदाच गेले, हळदीकुंकवाला. त्यांच्या पत्नी मोकळ्या स्वभावाच्या होत्या. मी म्हटलं, सर किती शांत आहेत. त्या वाटीत हळद भरत होत्या, त्यांचा हात थांबला. "लग्न झालं तेव्हा असे नव्हते हो. माझ्या माहेरचे लोक ह्यांना मुद्दाम जेवायला बोलवायचे, हसायला मिळतं म्हणून. आता आम्ही दोघं जेवतो, तर मीठ वाढ, भात वाढ, एवढंच." त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि विषय बदलला.

मग जूनमध्ये, शाळा नुकतीच उघडली होती तेव्हा, एक फिटर आपल्या मुलाचं नाव घालायला आला. तो आमच्याच शाळेचा. शिक्षकांच्या खोलीत शिरला, सरांना पाहिलं आणि मोठी माणसं जुन्या मास्तरांपुढं होतात तसा पोरासारखा झाला. पाया पडला. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "बाई, ह्यांची जीभ म्हणजे वस्तरा होता वस्तरा! मार कधी दिला नाही. पण बोलायचे ना, मार परवडला. आम्ही मित्र भेटलो की अजून ह्यांचेच टोमणे काढून हसतो. ते शालनचं आठवतं का सर? 'शालन, अर्धी फेक, अख्खी घे!'"

 फिटर हसत सुटला होता, त्यानं सगळी गोष्ट सांगितली.

शालन नावाची मुलगी पाचवीत होती. फळ्यावर गणित होतं, पाऊण उणे अर्धा. तिनं वरच्यातून वरचा काढला, खालच्यातून खालचा काढला. तीनातून एक गेला, दोन. चारातून दोन गेले, दोन. दोन छेद दोन, म्हणजे एक. तिनं एक लिहिलं. आणि सर म्हणाले होते, "वा! पाऊण भाकरी होती. अर्धी कुत्र्याला टाकली. आता घरात अख्खी भाकरी! शालन, तुमच्याकडं रेशनकार्ड हवंच कशाला? अर्धी फेक, अख्खी घे. रोज फेकत जा, कोठार भरेल." वर्ग लोळायचा बाकी राहिला. मधल्या सुट्टीत मुलांनी त्याचं गाणं केलं. संध्याकाळपर्यंत ते क्वार्टर्सभर झालं. नळावर, दुकानात, ती दिसली की पोरं ओरडत, शालन, अर्धी फेक, अख्खी घे.

"मग आलीच नाही ती शाळेत," फिटर म्हणाला. "आता परत आलीय बापाकडं. नवऱ्यानं टाकलीय. छातीचा रोग हाय म्हणतात. काडी झालीय नुसती."

तो गेल्यावर सर खिडकीशी उभे राहिले. तास झाल्याची घंटा झाली तरी हलले नाहीत. मग म्हणाले, "बाई, आज शाळा सुटल्यावर आपण माझ्याबरोबर याल का? मी एकटा तिच्या घरी गेलो तर बरं दिसणार नाही."

वाटेत त्यांनी सायकल हातात धरली होती. ती मध्ये ठेवूनच बोलले. ती यायची बंद झाल्यावर ते तिच्या घरी गेले होते. वडील दारात उभे होते. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली, घरात धाकटी भावंडं, आणि एका माणसाच्या पगारात भाकरी खरोखरच मोजून होती. हे सरांना त्या दिवशी दारात उभं राहिल्यावर कळलं. "वडील म्हणाले, मास्तर, आमच्या घरात किती भाकरी उरती ते बघायला आलात काय? आणि दार लावून घेतलं. पंधराव्या वर्षी वाघोलीकडं दिली तिला. मला नंतर कळलं." थोडं चालून ते पुन्हा म्हणाले, "तिचं मुळीच चुकलं नसतं, बाई. तोंडी विचारलं असतं, पाऊण शेरातून अर्धा शेर काढला तर, तर तिनं पटकन पाव शेर सांगितलं असतं. दुकानात रोज तीच जायची. मी विचारलं नाही. मला वाक्य सुचलं होतं."

शालनची खाट बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी होती. ती पंचविशीची असेल, दिसत होती चाळिशीची. डोळे तेवढे मोठे. वडील आतल्या दाराशी बसले होते. त्यांनी सरांना ओळखलं आणि तोंड फिरवलं. बसा म्हणाले नाहीत. आम्ही उभे राहिलो.

सर म्हणाले, "शालन, मी माफी मागायला आलोय."

ती कोपरावर रेलून सरांचा चेहरा न्याहाळू लागली. मला वाटलं, तिला आठवत नसेल. मग खोकल्याची उबळ जाऊ देऊन ती म्हणाली, "आठवतंय मला. सगळं आठवतंय. पण सर, मी चुकले एवढंच तुम्ही सांगितलंत. का चुकले ते सांगितलंच नाही. मी लई दिवस विचार करायचे. भाकऱ्या थापताना सुद्धा. वरच्यातून वरचं जातं, मग खालच्यातून खालचं का जात नाही?"

सरांनी इकडंतिकडं पाहिलं. कोपऱ्यात भावंडांपैकी कुणाची तरी जुनी पाटी होती. ती घेऊन ते खाटेजवळ जमिनीवर बसले. माझ्या देखत त्यांनी तिला पाऊण आणि अर्धा समजावला. खालचा आकडा किती आहेत ते सांगत नाही, तुकडा केवढा आहे ते सांगतो. केवढा ह्यातून केवढा जात नाही. आधी दोघांचे तुकडे सारखे करायचे. तिनं पाटी मागून घेतली, स्वतः केलं आणि पावावर बोट ठेवून म्हणाली, "एवढंच होतं?"

"एवढंच होतं," सर म्हणाले. 

आम्ही निघालो तेव्हा ती म्हणाली, "उद्या अवघड घाला."

त्यानंतर शाळा सुटली की आम्ही तिच्याकडं जायला लागलो. मी दाराशी स्टुलावर बसायची. खोटं कशाला सांगू, मला त्या खोकल्याची भीती वाटायची. सर मात्र खाटेला लागून बसत. लसावि, मग दशांश, मग शेकडेवारी. पण तिला वजाबाकीच आवडायची. सात छेद आठ उणे पाच छेद सहा तिनं केलं तेव्हा उत्तर आलं एक छेद चोवीस. ती हसली. "इतके मोठे मोठे दोघं, आणि उरलं काय बघा!" तिचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

सातवीची परीक्षा तेव्हा बाहेरून देता येत असे. कल्पना कुणाची निघाली ते आता आठवत नाही. क्वार्टर्सच्या बालवाडीत मदतनीस हवी होती आणि तिला सातवी पास लागत होती. शालनच्या डोक्यात ते बसलं. मराठी मी घेतलं. इतिहास-भूगोल ती पडल्या पडल्या पाठ करायची. वडील आतून म्हणत, "पास होऊन काय मामलेदार व्हायचंय? औषधं घ्यायला लावा आधी." तसं ते खोटं नव्हतं. सासरी तिची इंजेक्शनं मध्येच बंद केली होती, तिथून दुखणं उलटलं होतं. आता सुरू होती, पण शरीरात काही उरलं नव्हतं.

तिची एक मुलगी होती, सहा-सात वर्षांची. सासरच्यांनी ठेवून घेतली होती. शालन तिच्याबद्दल बोलत नसे. एकदाच म्हणाली, "तिकडं तिला सांगतात, तुझी आई अडाणी, शाळेतनं पळालेली. मी पास झाले तर कुणीतरी सांगेलच की तिला."

परीक्षेचं केंद्र शिवाजीनगरला होतं. पहिल्या दिवशी सकाळी मी आणि सर तिला न्यायला घरी पोचलो तर दारात टांगा उभा. सर मला म्हणाले, "आपण ठरवलात?" मी म्हटलं, नाही. वडिलांनी आणला होता. स्वतः मात्र आत भिंतीकडं तोंड करून बसले होते, जसं काही टांग्याशी आपला संबंध नाही.

गणिताच्या पेपरला तिला फार दम लागला. बाहेर आली ती भिंतीचा आधार घेत. सर पुढं धावले. ती म्हणाली, "एक सोडलं सर. येत होतं. हात थांबला." सरांनी प्रश्नपत्रिका बघितलीसुद्धा नाही. तिला धरून टांग्यात बसवलं.

ती पास झाली. गणितात चांगले गुण मिळाले. सर निकाल बघून भर उन्हात सायकल मारत आले, माझ्या वर्गाच्या दारात उभे राहिले आणि नुसती मान हलवली. माझा वर्ग काही न कळता टाळ्या वाजवायला लागला.

बालवाडी चालवणाऱ्या बाई वयस्कर होत्या, पोरांवर जीव टाकणाऱ्या. आम्ही दोघं त्यांच्याकडं गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि अगदी अजिजीनं म्हणाल्या, "सर, मुलगी गुणी आहे, मी नाही म्हणत नाही. पण तिचं दुखणं असं. लहान लेकरांत तिला कसं ठेवू हो?"

सरांच्या तोंडात त्या दिवशी लवंग नसावी. ते म्हणाले, "लेकरांना क्षय होईल म्हणून भिता? त्याला इंजेक्शन तरी आहे, बाई. तुमच्याकडं दोन वर्षं बसून त्यांच्या अकलेला जो होतो, त्याला औषधच नाही."

किती पटकन आलं ते! किती नेमकं! मला, देवा शपथ, हसू फुटणार होतं. मग मी त्या बाईंकडं पाहिलं. त्यांच्या हातात कुणाचं तरी झबलं होतं, त्याची त्या घडी करत होत्या. घडी तशीच राहिली आणि डोळे भरून आले. बरोबर त्याच होत्या, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

 सरांनी हात जोडले, दोनदा माफी मागितली. बाहेर आल्यावर सायकलचं कुलूप त्यांना उघडेना. "पाहिलंत ना?" ते म्हणाले. "गेलेली नाही. लोक म्हणतात, सर शांत झाले. रोज येते तोंडापर्यंत. प्रत्येक मुलाला बघून येते. मी गिळतो."

शालनला सांगायचं काम माझ्यावर आलं. तिनं मला बोलूच दिलं नाही. "मला पहिल्यापासून माहीत होतं, बाई. माझ्या पोटच्या पोरीला माझ्याजवळ येऊ देत नाहीत, ते दुसऱ्याच्या पोरांत बसवतील? सरांना सांगू नका मला माहीत होतं म्हणून. त्यांना वाटू दे, नोकरीसाठी शिकवलं."

मी सरांना सांगितलं नाही.

त्यानंतर ती वाचनाचं पुस्तक उशाशी ठेवी, पण उघडत नसे. सर जात राहिले. गणित बंद झालं होतं. ते नुसते बसत, तिला पाणी देत, खिडकीचं दार पुढं-मागं करत. थंडी सुरू झाली आणि एका सकाळी फिटर शाळेत निरोप घेऊन आला. आम्ही गेलो तेव्हा तिला न्यायची तयारी चालू होती. सर खांदा द्यायला पुढं झाले. वडिलांनी त्यांच्याकडं पाहिलं, क्षणभर वाटलं, ते ढकलून देतील. त्यांनी बाजूला होऊन जागा दिली.

दहाव्याला सासरची माणसं वाघोलीहून आली. नवरा नव्हता, दीर आणि सासू, आणि सोबत शालनची मुलगी. केसांना तेल लावून घट्ट वेण्या घातलेल्या, डोळे आईचे. माणसं खोलीत दाटीवाटीनं बसली होती. कोण काय बोलणार? सासू म्हणाली, चांगली होती, नशिबात नव्हतं.

शालनचे वडील उठले. त्यांनी नातीचा हात धरला आणि तिला खोलीच्या मधोमध आणून उभं केलं. "ऐक ग," ते म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तुझी आई सातवी पास हुती. गणितात नंबर हुता तिचा. हे मास्तर. ह्यांनी शिकवलं. इचार त्यांना."

मुलीनं सरांकडं पाहिलं. सर भिंतीशी उभे होते. ते खाली बसले, तिच्या उंचीला आले.

"आपल्या आईंना सगळं येत होतं," ते म्हणाले. "माझ्या वर्गात इतकं कुणाला आलं नाही."

मुलीनं आजीकडं पाहिलं, मग पुन्हा सरांकडं. "पर आजी म्हणती, आई शाळेतनं पळून गेली व्हती."

 मी सरांच्या गालाकडं बघत होते. तो स्थिर होता.

"नाही," सर म्हणाले. "पळाली नाही. तिला एक गणित आलं नव्हतं. मी ते शिकवायचं सोडून तिची टिंगल केली. सगळ्या वर्गाला तिला हसायला लावलं. म्हणून ती आली नाही परत."

सासूनं पदर तोंडाला लावला. शालनच्या वडिलांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला, तो तसाच राहिला.

"मास्तर असून?" मुलीनं विचारलं.

सरांनी होकारार्थी मान हलवली. मुलगी हळूच मागं सरकली, आजोबांच्या धोतराआड गेली, आणि तिथून डोकं बाहेर काढून, माणसं उठून जाईपर्यंत, ती सरांकडं बघत राहिली.